सतरा कमी दहा लाख

आमच्या चिंचवडच्या घरात पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला एक आकडा होता: ९९९९८३. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. दिवाळीच्या आधी घराला चुना लागायचा तेव्हा वडील स्वतः कुंचा हातात घ्यायचे आणि त्या आकड्याच्या कडेकडेने तो जपून फिरवायचे. भिंत वर्षावर्षाला पांढरी होत गेली आणि आकड्याची वीतभर जागा मात्र जुन्या मातकट रंगाची राहिली. नवा माणूस घरी आला की त्याची नजर आधी तिकडे जायची. मग तो विचारायचा. मग आई उठून आत निघून जायची.

मी ह्या आकड्याच्या समोर जेवले, झोपले, वेणी घालून घेतली, धडे पाठ केले. गणिताचा मला तिटकारा आहे तो तेव्हापासूनचा. लोक भुतांना भितात. मी अजूनही बसच्या तिकिटावर ओळीने तीन-चार नऊ दिसले तर ते तिकीट मुठीत चुरगाळून धरते. ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

आकडा माझ्या थोरल्या भावाने लिहिला होता. का लिहिला हे सांगायचं तर आधी वडलांचा खेळ सांगायला हवा. वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आमचं मूळ गाव निघोजे. तिथली शेती चुलते बघायचे. आबा शिकले म्हणून ह्या बाजूला आले आणि मास्तर होऊन राहिले. अंकगणित ते चिंचोक्यांवर शिकवायचे. चिंचवडात चिंचोक्यांना तोटा नव्हता. मुलापुढे बारा चिंचोके टाकायचे आणि म्हणायचे, सारख्या रांगा लाव. तीन-तीनच्या चार रांगा लागतात, दोन-दोनच्या सहा लागतात. पण तेरा चिंचोके टाकले की काहीही करा, एखादा उरतो नाहीतर कमी पडतो. शेवटी सगळ्यांची मिळून एकच लांबलचक रांग लावावी लागते. अशा संख्येला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. आबा तिला एकांडी म्हणायचे.

आबा आणि दादा ह्यांचा खेळ ह्यातूनच निघाला होता. एकाने मोठी संख्या द्यायची आणि दुसऱ्याने ती फोडायची, म्हणजे कोणत्या दोन संख्यांचा तो गुणाकार आहे ते शोधून काढायचं. नियम एकच होता. देणाऱ्याला फोड माहीत पाहिजे. एकांडी संख्या द्यायची नाही, कारण ती ज्याला दिली तो बिचारा भागत बसणार आणि हाती काही लागणार नाही. लहानपणी दादाने एकदा गंमत म्हणून एकोणीसशे नव्याण्णव दिली होती. आबांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. आमच्या घरात आरडाओरडा चालायचा, उलट बोललेलंही एखादवेळी खपायचं, पण ही लबाडी चालायची नाही.

लढाईच्या काळात दादा देहूरोडला लष्कराच्या गोदामात कारकून म्हणून लागला. लढाई संपली आणि बऱ्याच जणांबरोबर त्यालाही घरी बसवलं. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वहिनी जुन्नरकडची, सतरा वर्षांची, आणि मी आठ वर्षांची. मला ती वहिनीपेक्षा खेळगडी म्हणूनच हवी असायची. दादा दोन-तीन महिने घरीच होता. मग एका सकाळी पुण्याला कामाचं बघून येतो म्हणून निघाला. निघताना चुलीतला विझलेला कोळसा घेतला, पडवीत आला आणि भिंतीवर आकडा लिहिला.

"आबा, ही घ्या," तो म्हणाला. "ही फुटली की मी आलोच समजा."

आबा दाढी करत होते. आरशातूनच भिंतीकडे बघून म्हणाले, "म्हणजे दुपारच्या जेवणाला येतोस."

तो दुपारी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. आबा पुण्याला जाऊन ओळखीच्या सगळ्या ठिकाणी विचारून आले, चुलते खडकीपर्यंत पालथं घालून आले. कुणाला काही माहीत नव्हतं. भांडण नव्हतं, दुखणं नव्हतं, रेल्वेखाली कुणी सापडल्याची बातमी नव्हती. माणूस रस्त्याला लागला आणि रस्त्यानेच त्याला गिळलं.

त्यानंतर आबांचा नेम सुरू झाला. दिवेलागण झाली की पाटी-पेन्सिल घेऊन ते आकड्याखाली बसायचे आणि भागायला लागायचे. पेन्सिलीची कुरकुर ऐकू यायची. मग थांबायची. मग आबा म्हणायचे, "नाही गेला." म्हणजे भाग गेला नाही, बाकी उरली. पाटी पुसून पुन्हा सुरू. आई तुळशीपुढे दिवा लावून आत येताना रोज विचारायची, "फुटली का?" आणि आबा म्हणायचे, "अजून नाही."

आम्ही काही खुळे नव्हतो. भागाकाराने माणूस परत येत नाही हे आईलाही कळत होतं. पण माणूस जाताना जे शेवटचं बोलतो त्याला कुठेतरी टांगून घ्यावं लागतं, आणि आमच्याकडे टांगायला तेवढंच होतं. पाटीवरची कुरकुर थांबली की सगळं घर कान टवकारायचं. वहिनीचा हात पिठात तसाच राहायचा. बाहेर कुत्रं भुंकलं तर आई दाराकडे बघायची. "नाही गेला" म्हटल्यावर आमचा श्वास सुटायचा, तो निराशेने की सुटकेने हे मला अजून सांगता येणार नाही. आकडा आमच्याकडे बघतोय असं मला वाटायचं. मी पाठ करून बसले तर पाठीला जाणवायचा.

फाळणीनंतर पिंपरीला निर्वासितांची छावणी पडली. आई त्या छावणीत भाजी विकायला जाणाऱ्या बाईबरोबर मुद्दाम जायची. परक्या भाषेतली, सगळं मागे टाकून आलेली ती माणसं. त्यांच्यात आपला एक असेल तर असेल म्हणून ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. तिथली एक विधवा बाई तिच्या ओळखीची झाली. तिचाही मुलगा वाटेत चुकला होता. दोघींना एकमेकींचं धड बोलणं कळत नव्हतं, पण तासभर शेजारी बसून राहायच्या.

वहिनी मात्र आमच्याच घरात चुकल्यासारखी झाली होती. नवरा आहे म्हणावं तर नाही, गेला म्हणावं तर कुंकू आहे. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही ह्यावरून शेजारणी आपापसात कुजबुजायच्या आणि शेवटी निरोप विसरलो म्हणायच्या. तिच्या वडलांनी दोनदा तिला न्यायला माणूस पाठवला. दोन्ही वेळा आबा म्हणाले, "तो आला आणि ही नसली तर त्याला काय सांगू?" वहिनी स्वतःहून म्हणाली, मी थांबते. ती थांबली. आबांनी तिला आणि मला एकत्रच बसवून शिकवलं, चिंचोक्यांपासून. मी कंटाळायचे, ती कंटाळायची नाही. ती सातवीची परीक्षा पास झाली तेव्हा आबांनी पेढे आणले, आणि खाताना सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं.

मग पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला. तिथे बायकांनाही घेत होते, बाटल्या तपासायला, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला. छावणीतली ती आईची मैत्रीण तिथे लागली आणि एकदा घरी येऊन वहिनीला म्हणाली, सातवी झालीस, तुला लगेच घेतील, माझ्या खोलीत अर्धी जागा आहे. वहिनीचा चेहरा असा उजळला की मी पहिल्यांदाच बघितलं, ती दिसायला किती चांगली होती.

पण तेवढ्यात बारा वर्षं भरत आली. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, आणि तरी नाही आला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तेरावं घालायचं, अशी रीत आहे. निघोज्याहून चुलते आले. माणूस वाईट नव्हता. दादासाठी त्यांनीही चपला झिजवल्या होत्या. पडवीत पाणी पिऊन ते आबांना म्हणाले, "मास्तर, आता पळसाचं करून टाकू. पोराचा जीव कुटं आडकला आसंल तर सुटंल. सूनबाई निघोज्याला ऱ्हाईल आमच्यात. शेतात दोन हात लागत्यातच."

"आणि कारखाना?" मी विचारलं.

"इधवा बाई कारखान्यात? आमी तोंड कुटं दावायचं?"

म्हणजे वहिनीपुढे दोन वाटा होत्या. पुतळा जाळला की कपाळ पुसून निघोज्याच्या रानात. नाही जाळला तर पडवीतल्या आकड्याखाली म्हातारी होईपर्यंत. कारखान्याची वाट दोन्हीकडून बंद. चुलत्यांनी आईकडे बघितलं, आईने पदर तोंडाला लावला. आबा जमिनीकडे बघत होते.

वहिनी आतून बाहेर आली. ती चुलत्यांसमोर सहसा बोलायची नाही. म्हणाली, "संख्या फुटली की येतो म्हणाले होते. अजून फुटली नाही. मामंजींच्याने होत नाही तर मी फोडते. थोडे दिवस द्या. फुटली आणि तरी नाही आले, तर करा पळसाचं. मी आडवी येणार नाही."

चुलते हसले, पण श्रावण तोंडावर होता, विधी नंतरच करायचा होता. "बरं, फोड," म्हणाले. आबांनी पाटी खाली ठेवली ती जरा जोरातच वाजली. मला वाटलं, सुनेने आपलं काम हातातून काढून घेतलं म्हणून त्यांना राग आला.

वहिनीने काम कसं केलं ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. आधी पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर तिने खडूने दोनपासून हजारपर्यंत आकडे मांडले. मग दोन तसाच ठेवून दोनने जाणारे बाकीचे पुसले, तीन ठेवून तीनने जाणारे पुसले, पाचने, सातने, असं करत गेली. कोंबड्यांनी दाणे टिपून न्यावेत तशी जमीन झाली. उरल्या त्या हजाराच्या आतल्या एकांड्या संख्या. फक्त त्यांनीच भागून बघायचं, कारण सहाने जाणारी संख्या दोनने आधीच गेलेली असते. हे आबांनीच शिकवलं होतं. आणि हजारावर का थांबायचं, तर तेही आबांचंच. चिंचोक्यांच्या रांगांना लांबी आणि रुंदी असते. दोन्ही बाजू हजार किंवा त्याहून मोठ्या असल्या तर चिंचोके दहा लाख किंवा वर होतील. आपले दहा लाखांपेक्षा कमी आहेत. तेव्हा एक बाजू हजाराच्या आतच सापडायला हवी.

पहिले काही तर तिने पाटी न घेताच उडवले. शेवटी तीन आहे, म्हणजे दोनने आणि पाचने जायची नाही. आकड्यांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तीनने जायची नाही. सतराशी आल्यावर ती एकटीच हसली. "वन्सं, ही दहा लाखांना बरोबर सतरा कमी आहे," ती मला म्हणाली. "सतराने दहा लाख जात नाहीत, मग सतरा काढून घेतल्यावर कसे जातील?" त्यानंतर तिने युक्तीच केली. प्रत्येक वेळी दहा लाखांना भागायचं आणि बाकीतून सतरा वजा करायचे. शून्यांना भागणं सोपं. मला ताळा बघायचं काम होतं, नवाचा ताळा, आकड्यांची बेरीज करत एका आकड्यावर आणायची तो. ह्या संख्येतले नऊ सगळे गळून पडतात, आठ आणि तीन अकरा, एक आणि एक दोन. म्हणजे भागाकार बरोबर असेल तर ताळा दोन आलाच पाहिजे. दुपारभर मी दोन, दोन, दोन म्हणत बसायचे. घरात आम्ही दोघी, बाहेर ऊन-पाऊस, आणि भाग कुठेच जात नव्हता.

आबा त्या दिवसांत दुपारी घरी थांबायचे नाहीत. पवनेच्या काठावर जाऊन बसायचे. दिवेलागणीला परत येऊन आपली पाटी घ्यायचे आणि नेमाप्रमाणे भागायचे. मी एकदा म्हटलं, तुम्ही कुठवर आलात ते सांगा, म्हणजे वहिनीचं काम कमी होईल. ते म्हणाले, "तिचं तिला करू दे."

काम पुढे सरकलं तशी वहिनी गप्प होत गेली. पाचशे झाले, सातशे झाले. सातशे सत्तावन्नपाशी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो." बाकी उरली. ती पुढे गेली. संख्या फुटावी अशी तिची इच्छा होती की फुटू नये, हे विचारायचा मला धीर झाला नाही. फुटली तर कपाळ पुसायचं होतं आणि तरी ती इतकी मन लावून फोडत होती. मला तिचा राग यायचा, मग रडू यायचं, मग ताळा चुकायचा आणि ती शांतपणे म्हणायची, पुन्हा बघा.

शेवटची एकांडी नऊशे सत्त्याण्णव. एक हजार दोन वेळा भाग गेला आणि बाकी उरली नऊशे एकोणनव्वद. मी ताळा केला. दोन.

"संपल्या," वहिनी म्हणाली.

तोवर आबा नदीवरून येऊन आकड्याखाली बसले होते. वहिनी कंदील घेऊन गेली, तो खुंटीला लावताना तिची नजर त्यांच्या पाटीवर गेली. मी मागेच होते, मलाही दिसलं. भाजक एक हजार नऊ. भागाकार नऊशे एक्क्याण्णव, बाकी चौसष्ट. खाली ताळाही केलेला, व्यवस्थित, शाळेत फळ्यावर करायचे तसा.

"मामंजी," वहिनी म्हणाली, "हजाराच्या पुढं कशाला जाता?"

आबांनी पेन्सिल पाटीवर आडवी ठेवली.

"पुढचा आकडा असेल तर त्याचा जोडीदार आत सापडायला हवा. आतले सगळे मी बघितले. ही एकांडी आहे."

"हो," आबा म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

आबांनी पाटी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. "तो गेला त्याच आठवड्यात."

आई तुळशीपासून येत दारात थांबली होती. मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं. बारा वर्षं दर संध्याकाळी जी कुरकुर ऐकली, ते "नाही गेला", ते "अजून नाही", ते सगळं नुसतं आमच्यासाठी होतं. संख्या फुटणारच नाही हे माहीत असलेला माणूस रोज आमच्यासमोर बसून ती फोडत होता. आबांचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

"मग सांगितलं का नाहीत?" वहिनीचा आवाज चढला नव्हता.

"ही फुटली की येतो म्हणाला," आबा म्हणाले, "आणि न फुटणारी देऊन गेला. हे तुम्हाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आणि मला वाटायचं, त्याने सहज लिहिली असेल. बघा की, नऊ, नऊ, नऊ करत हात ओढत नेला आणि शेवटी सुचलं ते आठ-तीन लिहिलं. घाईत होता. एकांडी निघाली ती योगायोगाने. मोठ्या संख्यांत अशा पुष्कळ असतात. फोड न बघताच दिली, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणजे यायचं त्याच्या मनात होतं. मग काहीतरी झालं आणि येता आलं नाही." हे त्यांनी इतक्या भराभर म्हटलं की मनातल्या मनात किती वेळा म्हणून झालं असेल ते कळत होतं.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "ते जायच्या आधी महिनाभर रोज दुपारी आतल्या खोलीत पाटी घेऊन बसायचे," ती म्हणाली. "तुम्ही शाळेत असायचा. मला वाटायचं, कसल्यातरी परीक्षेचं करतात. मी शेजारी बसून गोधडी शिवायचे. एक दिवस एकदम पाटी आपटली. म्हणाले, ही पण फुटली, सातशे सत्तावन्नने. मी म्हटलं, मग चांगलं झालं की. तर नुसतं बघत राहिले माझ्याकडे. जेवलेसुद्धा नाहीत त्या दिवशी."

आबांनी पाटी परत ओढून घेतली. दहा लाखांच्या जवळ येईल असा सातशे सत्तावन्नचा गुणाकार ते शोधत होते हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. एक हजार तीनशे एकवीसने गुणलं. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे सत्त्याण्णव. त्यांनी ताळाही केला, सवयच ती. सात. जमला.

दहा लाखांना तीन कमी. भिंतीवरची सतरा कमी. म्हणजे दादा दहा लाखांपासून एक-एक संख्या घेत खाली उतरत होता. फुटली की टाकून देत होता. न फुटणारी पहिली सापडेपर्यंत तो महिनाभर शोधत होता, बायको शेजारी गोधडी शिवत असताना. सापडली त्यानंतर तो गेला.

इतका वेळ दारात उभी असलेली आई पुढे आली. तिला गुणाकार कळला नव्हता, पण बाकीचं कळलं होतं. "म्हंजी त्यो आपल्या मनानं गेला," ती म्हणाली. "म्हंजी मेला न्हाई. जित्ता हाय."

मग तिने वहिनीलाच विचारलं, "हाय ना गं?"

"हो आत्याबाई," वहिनी म्हणाली. "आहेत."

आई आत गेली आणि तिने गोडाचा शिरा करायला घेतला. त्या रात्री आमच्या घरात पोटभर जेवलेलं माणूस ती एकटीच. आमच्या तिघांची ताटं तशीच भरलेली होती आणि ती आग्रह करकरून वाढत होती. ते जेवण आठवलं की मला अजून थंडी वाजते. मेलेल्या माणसाला पिंड देता येतो, कावळा शिवला की तो गेला असं म्हणता येतं. जो आपल्याला नको म्हणून, नीट हिशेब करून गेला, त्याला कुठल्या विधीने घालवायचं? तो कुठेतरी जेवत असेल, हसत असेल, म्हातारा होत असेल. अशा माणसाचं भूत सगळ्यात चिवट. पुढे कितीतरी वर्षं स्टेशनवर पाठमोऱ्या माणसांकडे बघताना मला आता तो सापडेल अशी आशा वाटायची नाही, भीती वाटायची.

वहिनीने उष्टी काढली, मग आबांसमोर येऊन बसली. "मामंजी, योगायोग वाटला म्हणून गप्प बसलात, तेवढंच का?"

आबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू माहेरी निघून गेली असतीस. मग त्याचं म्हणून ह्या घरात काय राहिलं असतं?"

"गेले असते," वहिनी म्हणाली. "सतराची होते तेव्हा."

ती रडली नाही. आबा रडले. मी त्यांना आधी कधी रडताना बघितलं नव्हतं आणि मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. ती यायला बरीच वर्षं लागली.

दोन दिवसांनी आबा निघोज्याला गेले आणि पळसाचं होणार नाही असं चुलत्यांना सांगून आले. चुलत्यांनी कारण विचारलं. "जिता आहे," आबा म्हणाले. चुलत्यांनी विचारलं, "कागद आला व्हय त्याचा?" आबा म्हणाले, "बारा वर्षांपूर्वीच आला होता." सूनबाईचं काय, तर तिला हवं ते ती करेल, असंही सांगून आले. चुलते पुढे काही वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

वहिनी सोमवारी निघाली. पिंपरीत त्या बाईच्या खोलीवर राहणार होती, कारखान्यात तिचं नक्की झालं होतं. कुंकू तिने लावलं होतं. मी त्याबद्दल विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आईने तिची ओटी भरली आणि तो आला की निरोप पाठवते म्हणाली. वहिनीने मान हलवली. तिची पत्र्याची ट्रंक आबांनी उचलली. मी घेते म्हटलं तर दिली नाही. आम्ही तिघं रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो. मालगाडी येत होती म्हणून फाटक बंद होतं. गाडी चांगली लांबलचक होती. तेवढा वेळ आबा काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं, पण ते डबे जाताना बघत राहिले.

फाटक उघडलं. पलीकडे तिची मैत्रीण टांगा घेऊन उभी होती. वहिनी आबांच्या पाया पडली, ट्रंक त्यांच्या हातातून घेतली आणि रूळ ओलांडून निघाली. ती पलीकडे पोचत आली तेव्हा आबांनी हाक मारली. ते तिला बारा वर्षं सूनबाई म्हणत आले होते. आज त्यांनी एक नाव घेतलं, जे मी कधीच ऐकलं नव्हतं. मला क्षणभर कळेना हे कुणाला बोलावतात. मग लक्षात आलं, आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, आणि हे तिचं त्याआधीचं, माहेरचं नाव होतं.

त्यांनी पुन्हा एकदा तीच हाक मारली. वहिनी चालतच होती. मग चार पावलांवर ती थांबली, आणि आजूबाजूला बघायला लागली, कोण कुणाला हाक मारतंय ते.